अशोक लावला, पण लाल फुलं कुठे?

प्रश्न : आमच्या अंगणात कुंपणालगत चार वर्षांपूर्वी अशोकाची दोन उंच, निमुळती झाडं लावली. लाल फुलं अजून आली नाहीत. खत कमी पडतं का? मुळांनी भिंत तडकेल का?
– एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : खताचा दोष नाही. तुमचं झाड खोटा अशोक, म्हणजे आसुपालव आहे. लाल-केशरी फुलांचा सीताअशोक वेगळाच. आसुपालवाची फुलं फिकट हिरवी, पानांत लपणारी. त्याची साल सीताअशोकाची म्हणून विकली जाते; औषधाला ती मुळीच वापरू नका.

छोट्या अंगणाला मात्र हे झाड मला फार योग्य वाटतं. फांद्या खाली झुकतात, त्यामुळे जागा थोडी लागते. मुळांची फारशी भीती नाही. तरी नवं रोप भिंतीपासून पाच-सहा फुटांवर लावा. झाड तीस फुटांच्या वर जातं, म्हणून विजेच्या तारांखाली नको. शेंडा छाटला की सुळक्यासारखा आकार बिघडतो. आपल्या काळ्या जमिनीत पावसाचं पाणी बुंध्याशी साचू देऊ नका, उन्हाळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

लाल फुलंच हवी असतील, तर सीताअशोकाचं रोप दुपारच्या सावलीत, न्हाणीघराच्या ओलीजवळ लावा. बुलढाण्याचं कोरडं ऊन त्याला सोसत नाही. आहेत ती झाडं मात्र तोडू नका. ती निरोगी आहेत.