व्यायामशाळेतील नोकरी आणि मनाची उभारी

प्रश्न : पतिनिधनानंतर तळेगावच्या एका व्यायामशाळेत हजेरी व वर्गणीची नोंद ठेवण्याची नोकरी धरली. तेथील मंडळींत मन रमते, पण घरी परतताच अपराधी वाटते. हे दुःखापासून पळणे तर नव्हे? — एक भगिनी, नवलाख उंबरे

उत्तर : नव्हे, भगिनी. शोकग्रस्त मन प्रथम माणसांपासून आणि नित्यक्रमापासून तुटते. म्हणूनच ठरल्या वेळी घराबाहेर पडणे, येणाऱ्यांची नावानिशी विचारपूस करणे आणि एखादे दिवशी आपण दिसलो नाही तर कोणीतरी चौकशी करील ही खात्री असणे, यांनी जे साधते ते एकान्तातील सांत्वनाने क्वचितच साधते. नैराश्यावरील मानसोपचारातही अशी नियमित कृती हेतुपुरस्सर योजिली जाते. आपल्याच मावळात, लोणावळ्यास, १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगाचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासणारे स्वामी कुवलयानंद हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेत घडले होते. देह, मन आणि सहवास यांचे नाते या मातीस नवे नाही.

मात्र दफ्तर सांभाळणे म्हणजे व्यायाम नव्हे. काम आटोपल्यावर स्वतःही वर्गात उभ्या राहा. आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम व्हावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रडू आले तर येऊ द्यावे, ते नोकरीच्या आड येत नाही. परंतु झोप व अन्न दीर्घकाळ नकोसे झाले, किंवा जगणेच नकोसे वाटले, तर विनाविलंब टेलि-मानस या मानसिक आरोग्य साहाय्यसेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोला. मराठीतूनही बोलता येते.