पिंडाला कावळा शिवला नाही

प्रश्न : आईला जाऊन तीन महिने झाले. दहाव्याला बराच वेळ थांबूनही पिंडाला कावळा शिवला नाही. ‘तिची काहीतरी इच्छा राहिली,’ असं सगळे म्हणतात. एका नातेवाइकांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला सांगितलं आहे. त्यासाठी कर्ज काढावं का? रात्र रात्र झोप लागत नाही.
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, कर्ज अजिबात काढू नका. कावळा न शिवणं म्हणजे आईचा रोष नव्हे. घाटावर गर्दी असली, शेजारी आणखी चार पिंड मांडलेले असले, की पोट भरलेला कावळा फिरकत नाही. ही अडचण जुनीच. म्हणून तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय आहे. गुरुजींनी तसं केलं असेल, तर विधी पुरा झाला.

सुतकाच्या दिवसांचा खरा आधार मागे राहिलेल्यांना असतो, असं माझं मत. माणसं येतात, हातांना काम मिळतं, मोकळं रडता येतं. तेरावं उरकलं की घर एकदम रिकामं होतं. तुम्ही तिथेच अडकला आहात. संध्याकाळी दिवा लावून घरातल्यांसोबत हरिपाठ म्हणा. पुरा नको, पाच अभंग पुरेत. आवाज भरून आला तर थांबा.

झोपेचं मात्र पोथीवर सोपवू नका. डॉक्टरांना दाखवा, सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीतूनही मोफत बोलता येतं.