दात्री अनोळखी की ओळखीची?



मूल होत नाही म्हणून उपचार घेणारी दांपत्ये आपल्या धर्मग्रामात आहेत. सारा, हन्ना, एलिझाबेथ यांचे दुःख त्यांच्या वाट्याला आले आहे. त्यांना दोष देण्यासाठी हा लेख नाही. पण एक प्रश्न वारंवार येतो : "फादर, परक्या बाईचे स्त्रीबीज घेण्यापेक्षा सख्ख्या बहिणीचे घेतले तर चालेल ना? रक्त घरचेच!"

आधी कायदा पाहू. भारताच्या २०२१ च्या कायद्यानुसार स्त्रीबीज नोंदणीकृत बँकेतूनच यावे लागते. दात्री २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि ते एकाच दांपत्याला द्यावे. तिची ओळख गुप्त राहते. ब्रिटनने मात्र १ एप्रिल २००५ पासून ही गुप्तता काढून टाकली. त्यानंतरच्या दानातून जन्मलेली मुले २०२३ पासून अठरा वर्षांची होऊ लागली आणि दात्याचे नाव मागण्याचा हक्क त्यांना मिळाला. का? कारण गुप्ततेमुळे मोठ्यांची सोय होते, मुलाला कुणी विचारलेले नसते. शिवाय आता घरबसल्या डीएनए चाचणी करता येते, तेव्हा गुप्ततेचे वचन फार काळ टिकेल असे मला वाटत नाही.

मग बहिणीचे बरे का? नाव कळते हे खरे. पण मावशी कोण आणि आई कोण? मावसभाऊ रक्ताने अर्धा सख्खा भाऊ ठरतो. सणासुदीला सगळे एका पंगतीला बसतात आणि गुपित दोघीतिघींनाच ठाऊक असते. नाव कळले तरी नात्याचा गुंता सुटत नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका १९८७ च्या 'दोनुम विते' या पत्रकात आणि धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३७६ व्या परिच्छेदात आहे. आपल्याला ठाऊक असलेल्या आणि विवाहाने एकमेकांशी बांधलेल्या आईवडिलांपासून जन्मण्याचा हक्क मुलाला आहे. हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. अनोळखी दात्रीमुळे 'ठाऊक' हा शब्द पडतो. ओळखीची असली तरी 'विवाहाने बांधलेले' उरत नाही. म्हणून ख्रिस्तसभा दोन्ही मार्ग नाकारते.

"दत्तक मुलालाही जन्मदात्री ठाऊक नसते," असे कुणी म्हणेल. आक्षेप योग्य आहे. पण दत्तक घेताना आधीच घडलेली ताटातूट आपण भरून काढतो. इथे ती आपणच ठरवून घडवतो.

लग्नाआधी आपण रक्ताचे नाते तपासतो. चौथ्या पायरीपर्यंतचे नाते विवाहाला बाधा आणते. दात्रीची स्वतःची मुले असू शकतात. ती कुठे आहेत हे कुठल्या वहीत पाहायचे?

ज्यांच्या घरी असे मूल आले आहे त्यांनी घाबरू नये. त्या बाळाचा काहीच दोष नाही. ते देवाचे लेकरू आहे, त्याचा स्नानसंस्कार इतरांसारखाच होतो. मात्र त्याला लहानपणापासून, समजेल तसे, खरे सांगत जा. शेजाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. खाजगी ठेवणे वेगळे आणि मुलापासून लपवणे वेगळे. कसे सांगावे हे सुचत नसेल, किंवा उपचारांचा निर्णय अजून व्हायचा असेल, तर पतीपत्नींनी मिळून मला येऊन भेटावे.

– तुमचे फादर