घरांतील पाणी आणि हवेची वाट

गेल्या जानेवारी महिन्यांत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी सलग चार दिवस शाळेंत आला नाहीं. मुलगा नियमित, म्हणून आम्ही संध्याकाळीं त्याच्या घरीं गेलों. तो अंथरुणावर बसून होता. चेहरा उतरलेला, पण बोलण्यांत हुशारी होती. त्याच्या आईनें सांगितलें तें असें: सोमवारीं सकाळीं तो स्नानास गेला, बराच वेळ झाला तरी बाहेर येईना, हाक मारली तर उत्तर नाहीं. अखेरीस वडिलांनीं खांद्याचा धक्का देऊन कडी मोडली, तेव्हां तो फरशीवर निश्चेष्ट पडलेला आढळला. गॅसचा गीझर चालूच होता. त्याला उचलून गॅलरींत मोकळ्या हवेंत आणलें, १०८ क्रमांकावर दूरध्वनि केला, इस्पितळांत प्राणवायु देण्यांत आला, आणि मुलगा वांचला.

आम्ही तें स्नानगृह पाहिलें. चार फूट लांब, साडेतीन फूट रुंद. वर हातभर लांबीची एक जाळीची खिडकी. तिला आंतून पुठ्ठा लावून कडा चिकटपट्टीनें घट्ट बंद केलेल्या. "थंड वारा येतो, मुलाला सर्दी होते, म्हणून दिवाळींत मींच लावला," असें वडील म्हणाले, आणि पुढें त्यांना बोलवेना.

त्या संध्याकाळपासून हा लेख आमच्या मनांत आहे. नळ, मोरी किंवा पाणी तापविण्याचें साधन बिघडलें म्हणजे आपणां सर्वांचें लक्ष पाण्याकडे जातें. पाणी दिसतें, तें फरशी ओली करतें, त्याची पट्टी भरावी लागते. हवा दिसत नाहीं. परंतु आमच्या व शेजाऱ्यांच्या घरचे जे बिघाड आम्ही लक्षपूर्वक पाहिले, त्यांतील पुष्कळांचें मूळ पाण्यांत नव्हतेंच. एक तर हवा नको तेथें अडकली होती, किंवा हवी तेथें तिला आपण येऊं दिलें नव्हतें.

पुण्याच्या जुन्या कारागिरांस ही गोष्ट चांगली ठाऊक होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, इ. स. १७५० च्या सुमारास, कात्रज येथें तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालून दगडविटांच्या पाटानें शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत आणण्यांत आलें. पंप नाहीं, वाफेचें यंत्र नाहीं, केवळ उतार. साततोटी हौद, काळा हौद, बदामी हौद, पंचहौद हीं नांवें आजहि पुणेकरांच्या तोंडीं आहेत. त्यांतील कित्येक हौद दिसत नाहींत ही गोष्ट निराळी. पाट इतका मोठा कीं माणसानें आंत उतरून चालावें. आणि त्याच्या वाटेवर अंतराअंतरावर विहिरीसारखे उभे झरोके ठेवलेले असत. त्यांना उच्छ्वास म्हणत. त्यांतून उतरून गाळ काढीत, आणि त्यांतूनच पाटास हवा मिळे. शब्द किती नेमका आहे पाहा! पाणी वाहतें तेथें श्वासाचीहि सोय पाहिजे, हें ज्यानें हा शब्द योजिला त्याला कळलें होतें. १८७९ सालीं खडकवासल्याचें धरण पूर्ण झालें, पुढें लोखंडी नळ घरोघर आले, आणि उच्छ्वास हा शब्द इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन बसला. त्याचें काम मात्र संपलेलें नाहीं.

हें काम काय, तें एका साध्या प्रयोगानें कळतें. गवंडी लोक दोन भिंतींवरील खुणा एका पातळींत आणण्यासाठीं लांब पारदर्शक नळींत पाणी भरतात. नळी कितीहि वेडीवांकडी असो, दोन्ही टोकांस पाणी एकाच उंचीवर उभें राहतें. विद्यार्थी मित्रहो, अशी दहा-बारा फुटांची नळी घ्या, तींत पाणी भरा, पण भरतांना मध्यें वीतभर हवा राहूं द्या. आतां नळीचा मधला भाग उचलून कमान करा, म्हणजे हवा कमानीच्या एका उतरत्या बाजूस जाऊन बसेल. दोन्ही टोकांची उंची मोजा. फरक दिसेल, आणि तो हवेनें उतरत्या बाजूस जितकी उभी जागा अडविली असेल तितका असेल. चांगला गवंडी काम सुरू करण्यापूर्वीं नळीला टिचक्या मारून बुडबुडे कां काढतो, तें यावरून समजेल. आमच्या माहितींतील एका घरीं हा बुडबुडा राहून गेला आणि नव्या मोरीची फरशी दाराकडे उतरती झाली. त्या घरांत आजहि स्नानानंतर पाणी फडक्यानें उलटें लोटावें लागतें.

आतां हाच बुडबुडा गच्चीवर नेऊं. पुण्यांत सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारे बंब अनेक इमारतींच्या माथ्यावर आहेत. आमच्या इमारतींतहि आहे. ऊन भरपूर, टाकींतील पाणी कढत, पण वरच्या मजल्यावरील आमच्या फवाऱ्यास गरम पाणी थेंबभर येईना. खालच्या तोटीस मात्र करंगळीएवढी धार येई. ज्याला दाखविलें त्यानें "दाब कमी आहे, पंप बसवा" असा निर्णय दिला. पंप घेण्यापूर्वीं आम्ही एका रविवारीं मोजपट्टी घेऊन वर गेलों. गरम पाण्याचा नळ टाकीपासून निघून एकदां जिन्याजवळच्या भिंतीवरून आणि पुन्हां दोन गच्च्यांमधील कठड्यावरून चढून उतरला होता. प्रत्येक कमान चार फुटांची.

हिशेब सोपा आहे, पाचवींतल्या मुलासहि येईल. थंड पाण्याच्या ज्या टाकींतून बंब भरतो, तींतील पाणी गच्चीच्या वर पांच फूट होतें. गच्चीपासून आमची फरशी दहा फूट खालीं, आणि फवारा फरशीच्या वर सात फुटांवर. म्हणजे फवाऱ्यास मिळणारी उंची आठ फूट. दोन कमानींच्या उतरत्या बाजूंत चार-चार फूट हवा बसली तर तीहि आठ फूट. बाकी शून्य! खालची तोटी फवाऱ्याच्या चार फूट खालीं. तिच्या वांट्यास चार फूट उरले, म्हणून ती करंगळीएवढी धार. पाण्याचा दाब कोणीं चोरला नव्हता; तो हवेनें खाल्ला होता.

ही हवा येते कोठून, असें आम्हांला वर्गांत एका मुलीनें विचारलें. प्रश्न उत्तम होता. ज्या दिवशीं पाणी बंद असतें त्या दिवशीं टाकी रिकामी होते आणि नळांत हवा शिरते. शिवाय पाण्यांत हवा विरघळलेली असते, आणि पाणी तापलें म्हणजे ती सुटूं लागते. दूध-पाणी तापवितांना भांड्याच्या बुडाशीं उकळीपूर्वींच बारीक बुडबुडे धरतात ते त्याच हवेचे. म्हणून गरम पाण्याच्या नळांत हा दोष अधिक. आम्ही कठड्यास भोंक पाडून नळ त्यांतून सरळ उतारानें नेला, आणि जी एक चढण टाळतां येण्यासारखी नव्हती तिच्या माथ्यावर सहा फूट उंचीची उभी उघडी नळी बसविली. ही नळी टाकींतील पाण्याच्या पातळीहून उंच पाहिजे, नाहींतर तिच्यांतूनच पाणी वाहील. पंपाची गरज पडली नाहीं. ती नळी म्हणजे आमचा उच्छ्वास होय. बंबाच्या टाकीवरहि अशीच एक नळी असते. ती "उगीच उभी आहे" म्हणून कोणी बुचानें बंद करूं नये. तापलेली टाकी रिकामी होतांना हवा आंत न आली तर बाहेरच्या हवेच्या भारानें तिचा पत्रा आंत चेपला जातो.

मोरीची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. मोरीच्या जाळीखालीं वांकलेलें भांडें असतें व त्यांत दोन इंचांच्या आसपास पाणी सदैव उभें राहतें. नळकाम करणारे त्यास नहाणी ट्रॅप म्हणतात. आपला घरगुती नहाणी शब्द हिंदुस्थानभरच्या नळकामाच्या भाषेंत गेला आहे, याची आम्हांस मौज वाटते. तेवढें उभें पाणी हेंच गटाराच्या दुर्गंधीस दार. मे महिन्यांत कोंकणांत महिनाभर राहून आलेल्या कुटुंबास घर उघडतांच घाण येते, कारण दार आटून गेलेलें असतें. तांब्याभर पाणी ओतलें कीं झालें. पण रोज पाणी वापरूनहि वास येत असेल, आणि वरच्या मजल्यावरून पाणी सोडतांच आपल्या मोरींत "गडप्" असा आवाज होत असेल, तर फिनेलच्या बाटल्या आणण्यांत अर्थ नाहीं. वरून वेगानें येणारें पाणी मागें हवेची ओढ निर्माण करतें, आणि ती ओढ आपलें उभें पाणी शोषून नेते. गच्चीच्या वर जाणारी हवेची नळी कोणी बुजविली आहे काय तें पाहावें. आम्ही पाहिलेल्या दोन ठिकाणीं ती रंगकाम करणाऱ्यांनीं नीटनेटकेपणासाठीं बंद केली होती.

आतां पुन्हां त्या स्नानगृहाकडे येतों. तांबट आळींत घडविलेला तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्याची रचना आठवत असेल. मध्यें उभी नळी, तींत कोळसे किंवा लांकडें, खालीं जाळी, भोंवतीं पाणी. वर नरसाळ्यांतून थंड पाणी ओतलें कीं तें बुडाशीं जाई आणि वरचें हलकें गरम पाणी तोटींतून घंगाळांत पडे. आज गच्चीवरचा बंबहि याच न्यायानें चालतो. त्या जुन्या बंबांत जाळीखालून हवा आंत जात असे व धूर वरून बाहेर पडे. धूर डोळ्यांस झोंबे, घरांतील स्त्रिया खोंकत, म्हणून बंब बहुधा मागील दारीं किंवा परसांत ठेवीत. धूर त्रासदायक खरा, पण तो सांगून येत असे.

गॅसचा गीझर सांगून येत नाहीं, आणि हाच त्याचा खरा धोका आहे. स्वयंपाकाच्या गॅसचा एक भाग पूर्ण जळण्यास सुमारें २५ ते ३० भाग हवा लागते. लहान बंद खोलींत ही हवा लवकर संपत येते. मग ज्योत अर्धवट जळूं लागते आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निपजतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, डोळ्यांस झोंबणें नाहीं. गॅस गळला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळून निघालेल्या या वायूस तोहि नाहीं. रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूपेक्षां याला दोनशेंहून अधिक पट आवडीनें धरतें, म्हणून माणसाचा श्वास चालूं असतां त्याचें शरीर प्राणवायूवांचून राहतें. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, चक्कर येते; आणि दार उघडावें हें सुचेपर्यंत हातापायांतील बळ गेलेलें असतें. आमच्या विद्यार्थ्यास एवढेंच आठवत होतें कीं झोंप आल्यासारखें वाटलें.

पालकांस आमची विनंती आहे कीं गीझर स्नानगृहाच्या आंत ठेवूंच नये. तो गॅलरींत किंवा उघड्या जागीं बसवून केवळ पाण्याची नळी आंत न्यावी. भाड्याच्या घरांत तें लगेच शक्य नसेल तर दार उघडें ठेवून बादली भरावी, गीझर व गॅस दोन्ही बंद करावे, आणि मगच दार लावून स्नान करावें. एकामागून एक चौघांनीं स्नानें उरकण्याची घाई असेल त्या दिवशींहि हा नियम मोडूं नये. चौथ्याच्या वेळीं हवा सर्वांत वाईट असते. कोणी आंत घेरी येऊन पडला तर त्याला प्रथम बाहेर मोकळ्या हवेंत काढावें आणि १०८ ला कळवावें. तोंडावर पाणी मारण्यांत वेळ दवडूं नये.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं गीझर गॅलरींत हलविला आहे आणि खिडकीवरचा पुठ्ठा आमच्या समक्षच काढला. आपल्या घरीं हवा खेळते कीं नाहीं हें पाहण्यास यंत्र लागत नाहीं. गीझर आणि गॅस बंद असतां स्नानगृहांत एक उदबत्ती पेटवा, दार लावा, आणि ती खिडकीपाशीं धरा. धूर खिडकीकडे ओढला जात असेल किंवा तिकडून येणाऱ्या वाऱ्यानें हलत असेल तर हवेस वाट आहे. तो सरळ वर जाऊन छताखालीं थर धरूं लागला, तर तेथें गीझर पेटवूं नका, आणि खिडकीवर काय लावलें आहे तें वडिलांना दाखवा.