धीर आणि शील

वाचन : रोमकरांस पत्र 5:1-5

संकटाविषयी आपण प्रार्थनेत पुष्कळ बोलतो; संकट ओसरल्यावर हाती घ्यावयाच्या कामाविषयी फार थोडे. पौल मात्र संकट, धीर, शील आणि आशा एकाच साखळीत ओवतो. 'धीर' यामागील ग्रीक शब्द 'हुपोमोने'. त्याची फोड केल्यास 'खाली टिकून राहणे' असा अर्थ निघतो : ओझे खांद्यावर असताना जागा न सोडणे. मुकाट्याने सोसणे एवढाच अर्थ घेतला, तर शब्द पांगळा होतो. 'शील' यासाठी 'दोकिमे', म्हणजे कसोटीस उतरलेपण. याच कुळातील शब्द पेत्राने अग्नीत पारखलेल्या सोन्याविषयी लिहिताना योजले आहेत (1 पेत्र 1:7).

या शब्दांवर काम करताना मला नेहमी श्रीरामपूर आठवते. आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. 11 मार्च 1812 च्या संध्याकाळी तेथील मिशन छापखान्यास आग लागली. विल्यम कॅरी तेव्हा कलकत्त्यास होते. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत. मराठीच्या कामी त्यांना पंडित वैजनाथ यांचे साहाय्य असे. मराठी नवा करार आदल्याच वर्षी या छापखान्यातून बाहेर पडला होता. आगीत कागदाचा साठा, अनेक लिप्यांचे खिळे आणि हस्तलिखिते भस्म झाली. नुकसान सुमारे 70,000 रुपयांचे होते. पैसा पुढे इंग्लंडमधील मंडळ्यांनी उभा केला. पण हस्तलिखित वर्गणीतून येत नाही.

माझी एक वही एकदा प्रवासात हरवली. तीत एका पत्राचे अवघे तीन अध्याय होते. ते पुन्हा लिहावयास बसण्यास मला महिना लागला, आणि दुसरे भाषांतर प्रत्येक वचनात पहिल्याहून सरस झाले असेही नाही. कॅरींची तर वर्षांची मेहनत गेली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी स्तोत्र 46:10 वर उपदेश केला : शांत राहून देवाला देव म्हणून ओळखावे. मात्र आठवड्याच्या दिवसांत भट्टी पेटलेलीच होती. छपाईयंत्रे वाचली होती. राखेत खिळे पाडण्याचे ठसे व साचे शाबूत सापडले. विल्यम वॉर्ड यांच्या देखरेखीखाली वितळलेला धातू गोळा करून नवे खिळे ओतले जाऊ लागले. मनोहर कर्मकार यांच्यासारख्या बंगाली कारागिरांचे हात या कामामागे होते. आपल्या उपदेशांत त्यांचे नाव क्वचितच येते, हे मला खटकते. काही महिन्यांतच बहुतेक लिप्यांचे खिळे पुन्हा तयार झाले.

कॅरी पुन्हा भाषांतरास बसले. एकदा चाललेली वाट कष्टाची असली, तरी दुसऱ्यांदा चालताना पाय अधिक सरावाने पडतात, अशा आशयाचे त्यांनी पत्रात लिहिले. तेव्हा ते पन्नाशीत होते.

भारतीय भाषांचा त्यांचा बहुभाषिक कोश मात्र योजिल्याप्रमाणे पुन्हा कधीच पूर्ण झाला नाही.