एका टिंबाची किंमत

काही रुग्णालयांत डॉक्टर रोग्याला तपासल्यावर त्याची माहिती तोंडी सांगून ध्वनिमुद्रित करतात. ती ऐकून लिहून काढणे म्हणजे वैद्यकीय प्रतिलेखन. या कामात एका टिंबालाही मोठी किंमत असते.

समजा, '.५ मिलिग्रॅम' असे लिहिले आणि टिंब दिसले नाही, तर वाचणारा '५' वाचेल. औषध दहापट होईल! म्हणून '०.५' लिहावे. '५.०' लिहिले तर '५०' वाचले जाण्याची भीती असते. तेथे नुसते '५' लिहावे. अमेरिकेतील जॉइंट कमिशन ही संस्था रुग्णालयांना मान्यता देते. तिने २००४ साली या दोन्ही चुकीच्या पद्धती टाळायला सांगितल्या.

अंक आणि एकक यांच्यामध्ये जागा सोडावी. ते एकमेकांना चिकटले, तर वाचताना गोंधळ होतो.

तुम्ही दोन लिप्या लिहिता, म्हणून अधिक जपा. उर्दूत शून्य टिंबासारखे असते. मराठीत टिंब हे दशांशचिन्ह आहे. उर्दू वाक्याच्या शेवटी छोटी आडवी रेघ येते. मराठीत टिंब येते.

शब्दार्थ : टिंब – नुक्ता, एकक – मोजण्याचे प्रमाण, जसे ग्रॅम, लिटर.

स्वाध्याय : दुरुस्त करून लिहा.
(१) .२५ ग्रॅम (२) २.० मिलिलिटर (३) १०मिलिग्रॅम