अबोल ध्येयनिष्ठा

काही माणसे स्वभावतःच अंतर्मुख असतात. चारचौघांत ती संकोचतात, लहानशा दुःखानेही कळवळतात; म्हणून त्यांना आपण दुबळी समजतो. ही समजूत घाईची आहे.

साने गुरुजी असेच लाजाळू व हळवे होते. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या ते निमूटपणे झाडून ठेवीत. रागावण्याचे काम जणू झाडूवरच सोपविलेले! मनीचे हितगुज ते ‘छात्रालय’ या हस्तलिखित दैनिकातून मुलांस सांगत.

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर म्हणजे वारकऱ्यांचे माहेर. परंतु तेथील विठ्ठलमंदिरात हरिजनांस मज्जाव होता. चोखोबांची समाधीदेखील महाद्वाराबाहेरच! ही विसंगती गुरुजींना साहवेना. मंदिरप्रवेशासाठी ते महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणास बसले. ज्यांच्यावर त्यांची अपार श्रद्धा, त्या गांधीजींनीच उपोषण सोडण्याचा सल्ला दिला. हळव्या मनाला याहून कठीण प्रसंग कोणता? तरीही गुरुजी ढळले नाहीत. मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाल्यावरच, १० मे रोजी, त्यांनी उपोषण सोडले.